कारखान्यातले पाच कॉम्प्युटर: विंडोज, लिनक्स की मॅक?

सूतगुंडी

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. सासऱ्यांनी सुरू केला. मागांचं ते आणि माझे यजमान बघतात, ऑफिस आणि हिशेब माझ्याकडे. ऑफिसात पाच कॉम्प्युटर आहेत. चारांवर विंडोज १०, एकावर अजून विंडोज ७. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून सूचना येते आणि मी ती बंद करते. हे किती दिवस चालवायचं?

टॅलीचं मशीन २०२० सालचं आहे, दहाव्या पिढीचा आय-३. ऑर्डरी, मेल, जीएसटी आणि ई-वे बिलाची दोन मशीनं सहाव्या पिढीची. गोडाउनमधलं सगळ्यात जुनं, २०१४ चं, ४ जीबी रॅम. त्यावर फक्त चलनं आणि लेबलं निघतात. विंडोज ७ वाल्यावर जकार्डचं, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाचं, डिझाइन सॉफ्टवेअर आहे. डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, लावल्याशिवाय ते उघडत नाही, आणि डिझाइन पेनड्राइव्हमधून मागाच्या कंट्रोलरला जातं.

विक्रेता म्हणतो पाचही नवीन घ्या. भाचा म्हणतो लिनक्स टाका. शेजारचे फोटोग्राफर म्हणतात एकदाच मॅक घ्या आणि मोकळ्या व्हा. मला तीन गोष्टी हव्यात. माल भरलेला ट्रक दारात उभा असताना मशीन अडकू नये. आज जे बसवू ते पुढची पाच-सहा वर्षं जावं. आणि आमच्या माणसांना हवी तशी मांडणी करता यावी, कारण ऑफिसात मराठी, तेलुगू आणि कन्नड, तिन्ही टाइप होतं. तुमचे अनुभव लिहा. कोणतं श्रेष्ठ यापेक्षा तुमच्याकडे काय टिकलं, हे वाचायला आवडेल.

ऋग्वेद_जुळे

ताई, लिनक्स मिंट. त्यातही हलकी एक्सएफसीई आवृत्ती, म्हणजे गोडाउनवालंसुद्धा पळेल. मिंटला किमान २ जीबी रॅम पुरते, ४ असेल तर उत्तम. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. पैसे शून्य.

कडकभाकरी

टॅली?

ऋग्वेद_जुळे

वाइनमधून, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, चालवतात लोक.

नवी_पेठ_रिपेअर

थांबा की जरा. ऋग्वेद, दुसऱ्याच्या हिशेबाचं मशीन वाइनवर टाकायचा सल्ला देऊ नये. टॅली विंडोजसाठी बनलंय, ते विंडोजवरच राहू दे. ३१ मार्चच्या रात्री प्रिंट आली नाही तर ताई फोन कुणाला करणार?

ताई, आधी एक सांगा. "अडकतं" म्हणजे नेमकं काय होतं? निळा स्क्रीन येतो, माउस गोठतो, की आपोआप बंद होऊन परत चालू होतं? आणि किती वाजता?

हे विचारतो कारण एकवीस वर्षं मी सोलापुरातले कॉम्प्युटर उघडतोय. मागाच्या शेडजवळच्या ऑफिसातला कॅबिनेट उघडला की प्रोसेसरच्या पंख्यावर सुताच्या लवेचा नमदा बसलेला असतो. बोटाने सोलून काढावा लागतो. त्यात आपला मे महिना, बाहेर ४३-४४ अंश. हवा आत जात नाही, प्रोसेसर तापतो, आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि शेवटी जीव वाचवायला बंद पडतो. गिऱ्हाईक म्हणतं "विंडोज खराब झालं". त्यावर लिनक्स टाकलं तर लिनक्सही तिथेच पडणार. पंखा साफ करणं, थर्मल पेस्ट बदलणं, यूपीएसची बॅटरी तपासणं आणि जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणं, एवढं केल्यावर ऑपरेटिंग सिस्टीमबद्दल बोलू.

सूतगुंडी

दादा, तुम्ही अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. गोडाउनवालं दुपारी दोन ते चारमध्येच अडकतं. सकाळी कधीच नाही. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ऑर्डरीच्या मशीनांचं वेगळं, ती चालू व्हायलाच सात-आठ मिनिटं घेतात.

नवी_पेठ_रिपेअर

गोडाउनवालं उष्णतेचं. ऑर्डरीवाली हार्ड डिस्कची. दोन्हीत सिस्टीमचा दोष नाही.

डॉसवाले_काका

रिपेअर भाऊंशी सहमत, पण सिस्टीमचा दोष कधी असतो आणि कधी नसतो हेही समजून घ्यायला हवं. मी १९९० पासून मुलांना कॉम्प्युटर शिकवत आलो, म्हणून थोडं मागून सांगतो.

विंडोज ९५ आणि ९८ चा पाया डॉसवर होता. एक प्रोग्राम घसरला की तो शेजाऱ्याच्या मेमरीत हात घालू शकत असे आणि सगळं घर कोसळत असे. "विंडोज सारखं हँग होतं" ही ओळख त्या दिवसांतली. दुसरीकडे १९९३ मध्ये विंडोज एनटी आलं, त्याची बांधणीच वेगळी होती. २००१ मध्ये एक्सपी आलं तेव्हा एनटीचा पाया पहिल्यांदा घराघरांत पोचला. मग व्हिस्टापासून ग्राफिक्स ड्रायव्हरचा बराच भाग कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या, बाहेर काढला. आज स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते ना, तेव्हा ड्रायव्हर पडलेला असतो आणि विंडोजने त्याला पुन्हा उभं केलेलं असतं. एक्सपीत त्याच जागी निळा स्क्रीन आला असता. माझं विद्यार्थ्यांना नेहमी सांगणं असे की निळा स्क्रीन म्हणजे सिस्टीमने तुमच्या फायली खराब होण्याआधी हात वर केले. त्यावरचा कोड लिहून ठेवा, तो कामाचा असतो.

आता सिस्टीमच्या पोटातच कुणी घुसलं तर काय होतं, ते १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल विंडोज मशीनांवर गेली. त्यांचा ड्रायव्हर कर्नलमध्ये चालत असल्याने मशीनच उठेनात. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख कॉम्प्युटर. आपल्याकडे काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कर्नलमध्ये जितकी परकी माणसं कमी, तितकं घर शांत, हे तिन्ही सिस्टीमना लागू आहे.

ऋग्वेद_जुळे

काका, पण विंडोजला सारखं रीस्टार्ट का लागतं? लिनक्स सर्व्हर महिनोन्‌महिने चालू असतात. जगातल्या सगळ्यात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटरांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून एकूण एक लिनक्सवर आहेत. ५०० पैकी ५००!

डॉसवाले_काका

चांगला प्रश्न आहे. विंडोजमध्ये एखादी फाइल वापरात असेल तर ती सहसा बदलू देत नाहीत. म्हणून अपडेट बाजूला ठेवतात आणि रीस्टार्टच्या वेळी, कुणीही ती धरलेली नसताना, बदलतात. लिनक्समध्ये फाइलचं नाव आणि फाइलचा मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी असतात. अपडेट त्या नावाखाली नवी फाइल आणून ठेवतं, पण जो प्रोग्राम आधीपासून चालू आहे त्याच्या हाती जुनीच राहते. तो बंद करून उघडला की नवी मिळते. म्हणून लिनक्समध्ये रीस्टार्ट लांबवता येतं. टळत नाही. कर्नलच नवा आला तर साधारणपणे रीस्टार्ट करावंच लागतं, आणि जे करत नाहीत ते जुन्या भोकांसकट मशीन चालवत असतात.

सूतगुंडी

म्हणजे विंडोजमध्ये माग थांबवून बीम बदलायचा, तसं. समजलं काका!

पुणेरी_हुतात्मा

मी पुण्यात आयटीत आहे, दर शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसने सोलापूरला घरी येतो. सर्व्हर हेच माझं काम. ऋग्वेद, ५०० पैकी ५०० बरोबर आहे, पण ते आकडे ताईंच्या टेबलावर आणू नकोस. सुपरकॉम्प्युटरला ब्लूटूथ माउस नसतो, लेबल प्रिंटर नसतो, झाकण मिटून झोपवायचं नसतं. सर्व्हरवर लिनक्स इतकं टिकतं कारण तिथलं हार्डवेअर मोजकं आणि तपासलेलं असतं. डेस्कटॉपवर लिनक्सची परीक्षा होते ती ग्राफिक्स, वायफाय आणि प्रिंटर या तीन विषयांत.

माझंच सांगतो. घरच्या लॅपटॉपवर मी रोलिंग पद्धतीचं एक डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, ठेवलं होतं. त्यात रोज नवं येत राहतं, आवृत्ती अशी नसतेच. दोन वर्षं फार सुखात गेली. मग एका रात्री कर्नल पुढे गेला, ग्राफिक्सचा ड्रायव्हर मागे राहिला, आणि सकाळी काळा स्क्रीन. दुपारी क्लायंटसमोर सादरीकरण होतं. दुरुस्त करायला मला चाळीस मिनिटं लागली आणि मी हे रोज करणारा माणूस आहे. आईच्या लॅपटॉपवर तेव्हापासून डेबियन स्टेबल आहे. तिथे नवं फार उशिरा येतं आणि म्हणूनच काही मोडत नाही.

ताई, तुम्ही स्थिरता आणि प्रगती एकत्र मागता आहात. माझ्या मते ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत. स्थिर म्हणजे बदलत नाही ते, प्रगती म्हणजे बदलतं ते. म्हणून मी "कोणती सिस्टीम" याआधी "बदल कधी घ्यायचा हे कोण ठरवतं" असं विचारतो. लिनक्स कर्नलची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते, पण ती तुमच्यापर्यंत कधी यावी हे तुम्ही डिस्ट्रो निवडून ठरवता. उबुंटू या डिस्ट्रोची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती, दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि पाच वर्षं सांभाळली जाते. विंडोजमध्ये दिनदर्शिका मायक्रोसॉफ्टची. मोठ्या संस्थांना ते एलटीएससी नावाची संथ आवृत्ती देतात, साध्या ग्राहकाला नाही. मॅकमध्ये दिनदर्शिका अ‍ॅपलची, दरवर्षी शरद ऋतूत नवी.

डॉसवाले_काका

दोरीचं पटलं नाही. एनटी ही प्रगती होती आणि तिनेच स्थिरता आणली. ड्रायव्हर कर्नलबाहेर काढणं, हीसुद्धा प्रगतीच. बदल वाईट रीतीने हातात पडतो तेव्हा तो अस्थिर वाटतो. तुझ्या लॅपटॉपवर नवा कर्नल वाईट नव्हता, त्याच्या जोडीचा ड्रायव्हर वेळेवर आला नाही.

पुणेरी_हुतात्मा

मान्य काका. पण ताईंना तो हातात पडतानाचा क्षणच नको आहे. माझा मुद्दा तेवढाच.

अक्षरजुळणी

मी साखर पेठेत डीटीपी करते. पत्रिका, अहवाल, स्मरणिका. लिनक्सला जाण्याआधी ताईंनी एक तपासावं, जुन्या मराठी फायली कोणत्या फॉन्टमध्ये आहेत. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असतील तर त्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनांना कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, नाहीत. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. लोक घाबरतात की फाइल बिघडली. फाइल ठीक असते. आधी सगळं युनिकोडमध्ये बदलून घ्या, ते कन्व्हर्टरने होतं, पण रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला. मग कोणत्याही सिस्टीमवर जा. मी सहा महिने रोज संध्याकाळी एक तास देऊन पंधरा वर्षांचं काम बदललं. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू.

फॉन्टची काळजी करू नका. मुक्त, बलू, नोटो हे खुले आहेत आणि तिन्हींकडे बसतात.

ऋग्वेद_जुळे

मुक्ता ना?

अक्षरजुळणी

हो, मुक्ता. घाईत काना राहिला, आणि फॉन्टच्याच वाक्यात. 

कडकभाकरी

तो ऱ्यचा प्रश्न कुठल्या सिस्टीममध्ये सुटतो? "आचाऱ्यांना" लिहिलं की "आचार्यांना" होतं आणि स्वयंपाक्याचा थेट गुरुजी होतो.

अक्षरजुळणी

तिन्हींत सुटतो, फक्त कीबोर्ड इन्स्क्रिप्ट हवा. साधा र जे वर आहे. शिफ्ट धरून जे दाबला की नुक्त्याचा ऱ येतो, मग हलन्त आणि य. दऱ्या आणि दर्या, डोंगरातल्या आणि समुद्रावरचा, दोन्ही नीट उमटतात. इन्स्क्रिप्ट १९९१ च्या भारतीय मानकात आहे, म्हणून विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे कळा त्याच जागी. मला तर वाटतं सिस्टीम बदलण्याचं निम्मं भय टायपिंगचं असतं आणि इन्स्क्रिप्ट शिकलेल्या माणसाला ते उरत नाही.

अशोकचौक

आमच्या घरात तेलुगू, शाळा मराठीत झाली, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा. इन्स्क्रिप्टची गंमत अशी की तेलुगू आणि कन्नडचीही रचना तीच. क मराठीत जिथे, तिथेच తెలుगू... माफ करा, इथे लिपी बदलायला गेलो. तर तिथेच तेलुगूत. एक भाषा शिकलात की बाकी दोन बोटांना आपोआप येतात. मी मिंटवर तीन कीबोर्ड ठेवलेत आणि एका कळजोडीने फिरवतो. विंडोजवर विंडोजची कळ आणि स्पेस, तेही सोपं आहे.

वडील हातमागावर होते, नंतर जकार्डवर. ताईंच्या डिझाइनच्या मशीनवरून आठवलं. लहानपणी मी भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं दोऱ्याने ओवायला बसायचो. कार्डातलं भोक म्हणजे सुई जाणार आणि धागा उचलणार, भोक नाही म्हणजे धागा खाली राहणार. जाकार्डने फ्रान्समध्ये तो माग १८०४ च्या सुमारास उभा केला, आणि चार्ल्स बॅबेजने आपल्या यंत्रासाठी तीच कार्डं घ्यायचं ठरवलं. कॉलेजात हे शिकवलं तेव्हा वर्गात मला एकट्यालाच ते कार्ड हाताला कसं लागतं हे माहीत होतं. एक कार्ड उलटं ओवलं तर चादरीवरच्या मोराची मान तुटायची, आणि वडील ओळीत नेमकं ते कार्ड शोधून काढायचे. चूक शोधायची ती पद्धत मी आजही वापरतो.

सूतगुंडी

सासरे वाचत होते. म्हणाले, कार्ड ओवणारा मुलगा आहे म्हणजे आपलाच. आमच्याकडे जुन्या कार्डांची एक माळ अजून खुंटीला आहे.

मुक्ता_फोटो

शेजारच्या फोटोग्राफरची बाजू मी मांडते, मीही त्याच धंद्यातली. लग्नसराईत एका दिवसात दीड-दोन हजार फोटो येतात. माझ्याकडे एम-१ चा मॅक आहे. तो प्रोसेसर नोव्हेंबर २०२० मध्ये आला. पंखा नसलेलं मॉडेल, म्हणजे लव ओढून घ्यायला काही नाही! टाइम मशीन बाहेरच्या डिस्कवर दर तासाला प्रत ठेवतं. एकदा गडबडीत अख्ख्या हळदीचे फोटो माझ्या हातून पुसले गेले आणि तासाभरापूर्वीच्या प्रतीतून परत मिळाले. नवरीच्या आईला कधी कळलंही नाही. त्या दिवसापासून माझा जीव मॅकमध्ये आहे. आत युनिक्सचीच बांधणी आहे, बीएसडीचा वारसा. स्थिरतेत मी कुणाचं ऐकणार नाही.

पण ताईंनी घ्यावा का? नको. टॅली नाही, डोंगल नाही, रॅम नंतर वाढवता येत नाही. मॅकचं सुख सिस्टीम आणि यंत्र एकाच घरातून आल्याने मिळतं, आणि बंधनही तिथूनच येतं.

डॉसवाले_काका

मुक्ता, प्रामाणिकपणे लिहिलंस, आवडलं. त्यात एक भर. अ‍ॅपल पुढे जाताना मागचं सोडून देतं. २०१९ च्या कॅटालिना या मॅकच्या आवृत्तीने ३२ बिटचे प्रोग्राम चालवणं बंद केलं. टाहो ही आवृत्ती इंटेलच्या मॅकसाठी शेवटची असेल, असं २०२५ मध्ये जाहीर केलं. मायक्रोसॉफ्ट उलट. वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्राम विंडोज ११ वर उघडून दाखवतो मी. लिनक्समध्ये तर गंमत आहे. कर्नलबाबत लिनक्सचा जनक लिनस टॉरव्हल्ड्सचा नियम कडक, वापरणाऱ्याचा प्रोग्राम मोडायचा नाही. पण कर्नलच्या वरच्या लायब्ररी बदलत राहतात आणि जुना प्रोग्राम तिथे अडतो. प्रोग्राम त्याच्या लायब्ररींसकट बांधून देणारे फ्लॅटपॅक, अ‍ॅपइमेज हे त्यावरचे उपाय.

ऋग्वेद_जुळे

तिसऱ्या मुद्द्यावर कुणी बोलतच नाही. मनासारखी मांडणी! केडीई प्लाझ्मा या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये पट्टी वर, खाली, बाजूला, हवी तिथे न्या, दोन ठेवा, तीन ठेवा. विंडोज ११ २०२१ मध्ये आलं तेव्हा टास्कबार बाजूला न्यायची आधीपासूनची सोय काढून आलं. माझ्या डेस्कटॉपवर मी महिन्याला नवं रूप करतो, सगळ्या मित्रांना दाखवतो.

नवी_पेठ_रिपेअर

आणि मित्र कधी त्याच्यावर काम करायला बसलेत का? रागावू नको बे, मनापासून विचारतो. दुकानात असे कॉम्प्युटर येतात ज्यात बंद करायचं बटण कुठे आहे हे मालकाशिवाय कुणाला माहीत नसतं. ऑफिसात माणसं बदलतात. उद्या नवीन मुलगी आली तर तिला पहिल्या दिवशी चलन काढता आलं पाहिजे.

अशोकचौक

दादा, बटणं हलवणं एवढाच त्याचा अर्थ नाही. मोठी अक्षरं, सुरू होताच फक्त चलनाचं पान उघडणं, बाकी सगळं दडवणं, भाषेची खूण मोठी दिसणं, हीसुद्धा मनासारखी मांडणीच. माझी आई सत्तरीची आहे. तिच्या मशीनवर मी चारच चित्रं ठेवलीत, मोठ्ठी, नावं तेलुगूत. अशी मांडणी ज्या सिस्टीममध्ये एकदा करून वर्षानुवर्षं तशीच राहते, ती माझ्यासाठी चांगली. मिंटमध्ये ती राहिली. आधी मी ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप वापरत होतो, तिथे नव्या आवृत्तीबरोबर एक्स्टेन्शन बंद पडायची आणि आईची चित्रं नाहीशी व्हायची.

ऋग्वेद_जुळे

हे मी असं बघितलंच नव्हतं. आजीसाठी करून बघतो.

पुणेरी_हुतात्मा

विंडोज ७ च्या मशीनबद्दल बोललंच पाहिजे. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. ताई, ते इंटरनेटला जोडलेलं आहे का?

सूतगुंडी

आहे. डिझायनर त्यावर मेलमधून नमुने उतरवून घेतो.

पुणेरी_हुतात्मा

आजच वायर काढा. खरंच, आजच. डिझाइन सॉफ्टवेअर तसंच राहू दे, त्याला हात लावू नका, पण मेल दुसऱ्या मशीनवर उघडा आणि नमुने पेनड्राइव्हने न्या. तो पेनड्राइव्ह फक्त त्याच कामाचा ठेवा आणि दर वेळी तपासून लावा. डिस्कची पूर्ण प्रतिमा काढून दोन ठिकाणी ठेवा. ती डिस्क गेली आणि सॉफ्टवेअर परत बसवता आलं नाही, तर तुमचे सगळे नमुने डोंगलसकट निरुपयोगी होतील. पाचांपैकी मला फक्त या मशीनची भीती वाटते.

नवी_पेठ_रिपेअर

शंभर टक्के. प्रतिमा मी काढून देतो.

उरलेल्यांचं माझं मत. टॅलीवालं दहाव्या पिढीचं आहे, म्हणजे विंडोज ११ ला चालतं. बायोसमध्ये टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट चालू आहे का बघावं लागेल, बऱ्याचदा टीपीएम नुसतं बंद ठेवलेलं असतं. सहाव्या पिढीची दोन अधिकृतपणे ११ ला चालत नाहीत, इंटेलमध्ये आठव्या पिढीपासून पुढे लागतं. युक्तीने घालतात लोक, मी धंद्याच्या मशीनवर घालत नाही. विंडोज १० ची वाढीव सुरक्षा घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, धंद्यासाठी ती वर्षागणिक विकत घ्यावी लागते आणि दर वर्षी दुप्पट महाग. त्यापेक्षा या दोघांवर एसएसडी आणि मिंट. जीएसटी आणि ई-वे बिल ब्राउझरमध्येच होतं. फक्त तुमची फर्म कंपनी किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सिग्नेचर लागेल, ते टोकन टॅलीच्या मशीनला लावायचं.

अक्षरजुळणी

ऑर्डरीच्या एक्सेल शीटमध्ये मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, आहेत का तेही बघा. लिनक्सवरच्या लिब्रेऑफिसमध्ये शीट उघडते, मॅक्रो सगळे चालतीलच असं नाही.

सूतगुंडी

दोन महिन्यांनी लिहिते आहे, गड्ड्याच्या यात्रेच्या गडबडीत राहून गेलं. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः नवी पेठच्या दादांचे, ते स्वतः येऊन बसले.

डिझाइनच्या मशीनची वायर त्याच दिवशी काढली. डिस्कची प्रतिमा दोन ठिकाणी आहे, एक कारखान्यात, एक घरी. गोडाउनच्या मशीनचा पंखा उघडला तेव्हा निघालेली लव मी कागदावर ठेवून यजमानांना दाखवली. मूठभर होती. ते गप्पच झाले. आता कॅबिनेट जमिनीवरून उचलून कपाटावर ठेवलाय आणि दर पंधरा दिवसांनी ब्लोअर मारतो.

टॅलीवर विंडोज ११ आलं. टीपीएम बंदच होतं, चालू केल्यावर अडचण आली नाही. ऑर्डरीच्या दोघांवर आधी पेनड्राइव्हवरून आठवडाभर मिंट नुसतं चालवून पाहिलं, काहीही न पुसता. सात मिनिटांऐवजी आता अर्ध्या मिनिटात चालू होतात, त्यातलं किती श्रेय एसएसडीचं आणि किती मिंटचं, हे दादांनी वाद नको म्हणून सांगितलं नाही. मॅक्रोवाली एकच शीट अडली. ती मी टॅलीच्या मशीनवर उघडते.

आमचे एक कामगार तेलुगूत हिशेबाच्या नोंदी वहीत ठेवायचे, कारण कॉम्प्युटरवर भाषा बदलता येत नाही असं त्यांना वाटायचं. अशोकचौक यांनी सांगितल्याप्रमाणे कळजोडी ठेवून दिली. परवा त्यांनी पहिल्यांदा शीटमध्ये स्वतः नाव लिहिलं, त्यांच्या लिपीत. मला बोलावून दाखवलं.

एकच अडलंय. गोडाउनच्या मशीनवर मिंट छान चालतं, पण लेबलचा प्रिंटर ओळखला जात नाही. कंपनीने फक्त विंडोजचा ड्रायव्हर दिलाय. सध्या लेबलं पीडीएफ करून टॅलीच्या मशीनवरून काढतो, गोडाउनपर्यंत चालत न्यावी लागतात.

पुणेरी_हुतात्मा

ताई, प्रिंटरच्या मागच्या पट्टीवर मॉडेल लिहिलेलं असेल ते टाका. बरेच लेबल प्रिंटर एकमेकांच्या आज्ञा समजतात, त्यामुळे सीयूपीएसमध्ये, म्हणजे लिनक्सच्या छपाईच्या सोयीत, दुसऱ्या मॉडेलचा खुला ड्रायव्हर लावूनही चालतात. नाही चाललं तर तो टॅलीच्या मशीनला जोडून नेटवर्कवर वाटून देऊ.

ऋग्वेद_जुळे

मी रविवारी मोकळा आहे. येऊ का?

सूतगुंडी

ये की. अकरा वाजता. सासरे कार्डांची माळ उतरवून ठेवतायत, अशोकचौक यांनाही घेऊन ये.

अशोकचौक

नक्की येतो. वडिलांनाही आणू का? ऐंशीचे आहेत, पण माळ हातात दिली तर कोणता नमुना आहे ते सांगतील.